जाणाऱ्याला कारण विचारू नये

आमची ओळख झाली तेव्हा तो निघून जात होता, आणि मी त्याला जाऊ देत नव्हते. माझं कामच होतं ते.

म्हणजे असं की, आमची एक साइट आहे. हौशी गाणाऱ्यांची. अंघोळ करताना गाणारे, गच्चीवर गाणारे, शेजाऱ्यांनी वैतागून दार वाजवलं तरी गाणारे, सगळे तिथे आपापली गाणी टाकतात, एकमेकांना वाहवा म्हणतात, आणि जमलंच तर जोडगाणं करतात. जोडगाणं म्हणजे एकानं आपल्या ओळी गाऊन टाकायच्या आणि मधल्या मोकळ्या जागेत दुसऱ्यानं आपल्या गायच्या. टाकायला एकच बटण. काढायला मात्र... अगं बाई! आधी कोपऱ्यातली तीन टिंबं, मग 'आणखी', मग 'खातं', मग एक रडका चेहरा, 'खरंच काढायचं?' मग पुन्हा, 'तुमचे चाहते हिरमुसतील, खरंच?' मग कारण लिहायची चौकट. आणि एवढं करूनही माणूस हटला नाही, तर शेवटी एक फोन नंबर. त्या फोनवर मी.

"मला माझी गाणी काढायची आहेत," तो म्हणाला होता.

थोडा बसका आवाज, आतल्या आत हसू दाबल्यासारखा. माझ्या खिडकीबाहेर पाऊस होता आणि त्याच्याकडेही असावा, कारण पत्र्यावरची ताडताड मला फोनमधून ऐकू येत होती.

"अरेरे! का हो? कुणी वेडंवाकडं बोललं का?"

"नाही."

"मग कंटाळा आला?"

"तोही नाही."

"घसा बसलाय का? बसला असेल तर गरम पाण्याच्या गुळण्या करा, चार दिवसांत —"

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. पण कारण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

"मग लिहा — कारण नाही."

"असं चालत नाही हो."

"का नाही चालत?" तो हसला. अगदी मोकळं हसला. "जाणाऱ्याला कारण विचारू नये. वाट द्यावी."

मी पण हट्टाला पेटले. मी प्रश्न टाकत राहिले, तो टोलवत राहिला, आणि समोरचा चहा थंडगार झाला. शेवटी मीच कारणाच्या चौकटीत 'आवाज बसला' असं ठोकून दिलं आणि त्याची गाणी काढून टाकली. फोन ठेवल्यावर मात्र कितीतरी वेळ मी उगाचच हसत होते. बाजूची मुलगी म्हणाली, "काय गं तक्रार, शिव्या दिल्या नाहीत वाटतं आज कुणी?" ऑफिसात मला सगळे तक्रारच म्हणतात.

त्यानंतर आठवडा गेला असेल-नसेल. सकाळी मी छत्री झटकत आत शिरले, तर माझ्या शेजारच्या रिकाम्या टेबलापाशी एक उंच, सावळा, केसांतून पाणी निथळणारा माणूस उभा. माझ्याकडे वळून म्हणाला,

"गुळण्या केल्या. आवाज सुटला."

माझ्या हातातून छत्री पडली. त्याच्याच पायावर पडली, बरं झालं.

झालं होतं असं, की गाणी काढण्याच्या त्रासाच्या तक्रारींनी आमच्या मोठ्या मॅडमचं डोकं उठलं होतं. नवे लोक साइटवर यायलाच कचरायला लागले होते. तेव्हा त्यांनी हे सगळं सोपं करायला या माणसाला नेमलं होतं, तेवढ्या कामापुरतं. पहिल्याच दिवशी ऑफिसनं त्याचं बारसं केलं. खोडरबर!

"म्हणजे त्या दिवशी माझी परीक्षा घेत होतात होय?" मी विचारलं.

"तसं समजा," तो म्हणाला.

मी तसं समजले.

मग सुरू झालं आमचं रोजचं भांडण. त्याला हवी होती एकेका सभासदाची कहाणी, आणि कहाण्यांचं कोठार माझ्याकडे. तो खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी यायचा, कोपर टेकवायचा, आणि मी बोलत असताना स्क्रीनकडे न बघता माझ्याकडे बघायचा. मी 'तिकडे बघा' म्हणून बोट दाखवलं की बोटाकडे बघायचा. असल्या माणसाबरोबर काम कसं करायचं, सांगा!

"आधी हा रडका चेहरा हाकला," तो म्हणायचा. "माणूस बॅग घेऊन दारात उभा, आणि आपण त्याच्या पायांना मिठी मारून बसायचं? शोभतं का?"

"आमच्याकडे पाहुणा निघाला की आई दारातच तासभर बोलते."

"आणि पाहुणा परत येतो?"

"येतो की!"

"मग तो आईचा गुण. चेहऱ्याचा नाही." जरा थांबून, हळूच, "एकदा बघायला हवं या आईला."

मी फाइलमध्ये डोकं खुपसलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आणि त्या त्याला दिसू नयेत एवढीच माझी इच्छा होती. दिसल्याच.

त्याच सुमारास त्या नर्सबाईंचा फोन आला.

हॉस्पिटलची ड्यूटी संपली की घरी जाऊन एक गाणं गायचं, हा त्यांचा विसावा. गेलं वर्षभर एकाच माणसाबरोबर जोडगाणी करत होत्या. पुढे भेटले, जीव जडला, आणि एके दिवशी साइट उघडली तर सगळी गाणी गायब. तेव्हा आमच्याकडे तसाच नियम होता. जोडगाण्यातल्या एकानं काढलं की दुसऱ्याचा आवाजही त्याच्याबरोबर जायचा.

"त्यानं त्याचा आवाज काढला, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण माझा का पुसलात? मी कुठे गेले होते? मी तर इथेच होते ना!"

"नियमच तसा आहे हो," मी पुटपुटले.

"मी त्याला विचारलं हो, का म्हणून. तर काय म्हणाला माहितीय? म्हणाला, 'कारण नाही गं. असतं तर दिलं असतं.' आणि तेही इतक्या गोड आवाजात..."

"मेला!" माझ्या तोंडून निघून गेलं. फोनवर असं बोलायची आम्हाला सक्त मनाई आहे. पण नर्सबाई रडता रडता हसल्या, आणि मग मलाही भरून आलं.

खोडरबरला मी एवढंच सांगितलं की, एका नर्सचा आवाज विनाकारण पुसला गेलाय, हा नियम बदलायलाच हवा. तो एकदम गप्प झाला. काचेवरचे ओघळ बघत बसला. मला वाटलं, किती हळवा आहे हा! परक्या बाईचं दुःख ऐकून याचा चेहरा उतरतो. काय सांगू, त्या दिवशी मी पार विरघळले.

आणि तरी तो भांडलाच. "अर्धं गाणं ठेवून काय करायचं? ऐकवणार आहे का कुणाला?"

"ते तिला ठरवू दे. तिचा गळा तिचा. मधली जागा रिकामी राहिली तर राहू दे, पण तिच्या ओळी जिथल्या तिथे हव्यात."

"बरं. आणि मग ही कारणाची चौकट काढून टाकायची."

"मुळीच नाही! सक्ती नको, कबूल. पण जाताना दोन शब्द लिहावेसे वाटले तर जागा नको? ते मागे राहिलेल्याला पोचायला नकोत? तो बिचारा डोकं फोडत बसेल, माझं काय चुकलं, माझं काय चुकलं..."

त्या दिवशी लिफ्ट बंद होती. तशी ती नेहमीच बंद असायची, दारावर पाटीच लटकलेली. आम्ही जिना उतरत होतो, भांडत. मधल्या वळणावर तो थांबला. खिडकीतून पावसाचे बारीक तुषार येत होते. माझ्या कपाळावरची ओली बट त्यानं एका बोटानं बाजूला केली आणि म्हणाला,

"एक तुझं, एक माझं. तुझी ओळ राहील... माझी चौकट जाईल. चालेल?"

तोवर आम्ही 'अहो-जाहो'त होतो. पहिल्यांदाच तो मला 'तुझं' म्हणाला होता. आता तुम्हीच सांगा, त्या वेळी कुणाला चौकट सुचते? मी मान डोलावली. कारणाची चौकट तिथेच, जिन्यात गेली.

मागे राहणाऱ्याला जाणारा मेसेज मात्र मीच लिहिला. खूप खाडाखोड करून, कुणाला लागू नये म्हणून. 'तुमच्या सोबत्यानं आपला आवाज काढून घेतला आहे. तुमचा आवाज होता तिथेच आहे.' खोडरबरनं वाचला आणि म्हणाला, "छान झालंय. हळू आहे."

आमच्याकडे रीत आहे. नवीन काही केलं की सभासदांना देण्याआधी आपल्याच गाण्यावर करून बघायचं. आम्हाला एक जोडगाणं हवं होतं. त्याच्या खात्यात तर एकही गाणं नव्हतं.

"नुसती परीक्षाच होती, तर सगळी गाणी खरंच कशाला काढलीस?" असं मी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "बरंय, पाटी कोरी आहे." आणि लाजले. वेडी कुठली!

गाणं आम्हीच रचलं. जिन्याच्या त्याच वळणावर उभं राहून, कारण तिथे आवाज घुमायचा. तो आधी, मग मी.

"लिफ्ट बंद आहे —"

"मग जिन्यानं ये —"

"जिना उंच आहे —"

"मग हळूहळू ये —"

"दार लोटलंय —"

"हाक मारून ये —"

शेवटच्या ओळीला मला हसू फुटलं, ते तसंच राहिलं गाण्यात. चाचणीचं गाणं चाचणी झाली की काढायचं असतं. आम्ही ते काढलंच नाही. चाचणी बाजूच्या मुलीच्या कुठल्याशा गाण्यावर उरकली. रोज ऑफिस सुटल्यावर मी बसमध्ये ते ऐकायची आणि खिडकीकडे तोंड करून हसायची.

नवं बटण सुरू झालं. गाण्याखालीच, डोळ्यांसमोर, एकदा दाबलं की काम फत्ते. रडका चेहरा नाही, विनवण्या नाहीत. लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. खोडरबरचं काम संपलं. शेवटच्या दिवशी आम्ही दोघंच जिना उतरत होतो.

"आता... दुसरीकडे?" मी विचारलं.

"बघतोय. त्याआधी एक काम आहे." त्या वळणावर तो पुन्हा थांबला. "रविवारी येऊ का? आईला बघायला?"

"आईला बघायला की... मला?"

"तुला रोज बघतो. आईकडे तुला मागायला यायचंय."

मला काय झालं ते विचारू नका. पायऱ्या दिसत नव्हत्या मला. मी एवढंच म्हणाले, "जिना उंच आहे आमचा."

"हळूहळू येईन," तो म्हणाला.

रविवारी आमच्या घरात नुसती धांदल. आईनं ठेवणीतले कप काढले, पुसले, पुन्हा पुसले. वहिनीनं पडदे बदलले. दादा सकाळपासून मोठ्या भावाचा चेहरा करून बसला होता आणि दर थोड्या वेळानं विचारत होता, "तुझा खोडरबर दाढीवाला की बिनदाढीचा? म्हणजे मला ओळखायला." मी त्याला उशी फेकून मारली. बाहेर रिमझिम होती. आई तिसऱ्यांदा म्हणाली, "पाऊस आहे गं, अडकला असेल."

तेवढ्यात फोन वाजला. मेसेजचा आवाज.

'तुमच्या सोबत्यानं आपला आवाज काढून घेतला आहे. तुमचा आवाज होता तिथेच आहे.'

मला आधी वाटलं, चुकून आला. चाचणीतलं काहीतरी राहिलं असेल. मग मी गाण्याचं नाव वाचलं. आमचंच. मी गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं आणि त्याला फोन लावला. त्यानं उचलला. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"मेसेज आला?" त्यानंच विचारलं.

"आला. मीच लिहिलाय तो."

"हो..."

"अरे, आई कप मांडून बसलीय. दादा बसलाय. तू... तू काय केलंस हे? का?"

मीच पुढे बोलत सुटले.

"माझं काही चुकलं का? घरी कुणी नको म्हणालं? सांग ना. काहीही सांग, मी ऐकेन."

"कारण नाही गं," तो म्हणाला. अगदी गोड, हळू आवाजात. "असतं तर दिलं असतं."

गॅलरीचा कठडा मी घट्ट धरला. हेच वाक्य. हेच, शब्दाला शब्द. त्याचं रिकामं खातं, त्यानं माझ्याकडून काढून घेतलेली गाणी, नर्सबाईंचं नाव निघताच गप्प झालेला तो... सगळं एका दमात माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. म्हणजे त्या बाईंचा आवाज मीच पुसला होता. त्याच्या हसण्यावर भाळत, गुळण्या सांगत, 'आवाज बसला' असं लिहून.

"तू परीक्षा घेत नव्हतास त्या दिवशी," मी म्हणाले.

"तुझा आवाज तसाच ठेवलाय बघ," तो घाईनं म्हणाला. "तुला आवडतं तसा."

"तू नाही ठेवलास. मी भांडून ठेवायला लावला होता."

आणि मी फोन ठेवला. एवढं तरी माझ्या हातून झालं.

मग मी ते गाणं लावलं. कशाला लावलं कुणास ठाऊक. आधी नुसती शांतता. मग मी, 'मग जिन्यानं ये'. पुन्हा शांतता. 'मग हळूहळू ये'. पुन्हा शांतता, 'हाक मारून ये', आणि मग माझं ते हसणं. कुणी काही म्हणालेलंच नाही, आणि ही बया आपली बोलावतेय, बोलावतेय, वर हसतेय. मी तिथेच खाली बसले आणि तोंडावर ओढणी दाबून रडले. गाणं परत आणता येईल का, म्हणून साइटच्या मागच्या, फक्त आम्हाला उघडणाऱ्या बाजूनं शोधूनही पाहिलं. त्याच्या ओळींचा मागमूस नव्हता. काम चोख केलं होतं मेल्यानं.

आई बाहेर आली. माझ्या शेजारी, त्या ओल्या फरशीवर बसली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. आत वहिनी कप उचलून ठेवत होती. किती हळू ठेवत होती, तरी मला एकेक ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी पहिला फोन नर्सबाईंना लावला.

"तुमची गाणी परत आणता येत नाहीत," मी म्हणाले. "ती मीच काढली होती, तेव्हाच्या नियमानं. पण एक विचारू? ते जिथे राहतात, तिथे पाऊस आला की पत्र्यावर फार वाजतं का हो?"

"तुम्हालाही?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अगं बाई गं..." एवढंच म्हणाल्या त्या. माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिथून मी अर्ज लिहून मोठ्या मॅडमकडे गेले आणि म्हणाले, कारणाची चौकट परत हवी. सक्ती नको, पण हवी. आणि कुणी काही लिहिलं तर ते मागे राहिलेल्याला पोचायला हवं.

मॅडमनी चष्मा काढला. "अगं, आत्ताच तर काढली ना आपण? खोडरबर म्हणाला, कुणाला नकोच आहे ती. कुणाची मागणी आहे?"

"दोघींची."

"फक्त दोघींची? कोण या दोघी?"

"एक नर्स आहे."

"आणि दुसरी?"

मला वाटलं होतं, मी नीट बोलू शकेन. पण मी ओढणीचं टोकच पिळत बसले. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, मग उठून त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि अर्जावर सही केली.

चौकट आता आहे. 'जाताना काही सांगायचं असेल तर इथे लिहा.' रिकामी सोडली तरी गाणं निघतं. बहुतेक जण रिकामीच सोडतात. कुणी लिहिलंच, तर त्यात शिवीगाळ नाही ना एवढं बघायला तो मजकूर आधी माझ्याकडे येतो.

माझं अर्धं गाणं अजून तिथेच आहे. मी ते काढलेलं नाही आणि ऐकतही नाही. लिफ्ट दुरुस्त झाली, तरी मी जिन्यानंच जाते, सवय झालीय. आणि हो, खोटं कशाला बोलू, कधी मेसेजचा आवाज आला की अजून मी फोन आधी पालथा ठेवते, मग बघते.

काल संध्याकाळी कुणा अनोळखी माणसानं एका अनोळखी बाईबरोबरचं जोडगाणं काढलं. चौकटीत त्यानं एकच ओळ लिहिली होती, 'तुझं काही चुकलं नाही.'

मी ती तिला लगेच पाठवून दिली. पाठवण्याआधी दोनदा वाचली.